घुसखोरी: कुंपणाने काय होतं, घुसून मारल्याने काय होतं, आणि मधे काय राहून जातं

आडवाट

पहलगाम (२२ एप्रिल २०२५) आणि ऑपरेशन सिंदूरनंतर या मंचावर डझनभर धागे निघाले. निम्मे "एकदाचं काय ते करून टाका" या सुरात, उरलेले "युद्ध हा उपाय नव्हे" या सुरात. मला या दोन्हींच्या मधलं हवं आहे. सीमेपलीकडे तळ, पैसा आणि आसरा असलेल्या सशस्त्र गटाला एखादा देश रोज, बारा महिने कसं रोखतो? कुठली गोष्ट किती चालते? कुठे फसते आणि का फसते?

काश्मीर मुख्य धरू, इतर सीमा संदर्भापुरत्या. पक्षीय काथ्याकूट नको. माहिती द्या, आकडा माहीत असेल तर आकडा द्या.

वेटोळं

सुरुवात कुंपणापासून करतो, कारण त्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त.

ताबारेषा साधारण ७४० किमी. त्यातल्या सुमारे ५५० किमीवर २००३-०४ मध्ये कुंपण उभं राहिलं. उभं राहू शकलं, कारण २६ नोव्हेंबर २००३ला शस्त्रसंधी झाली. त्याआधी खांब रोवायला गेलेल्या माणसांवर गोळीबार व्हायचा. रचना अशी: आठ ते बारा फूट उंचीच्या खांबांच्या दोन रांगा, मधल्या पट्ट्यात काटेरी तारांची वेटोळी, काही ठिकाणी वीजप्रवाह, सेन्सर, औष्णिक कॅमेरे. आणि हे सगळं रेषेवर नाही, तर आपल्या बाजूला आत. कुठे दीडेकशे मीटर, कुठे डोंगराच्या चढणीमुळे काही किलोमीटर. म्हणजे आपलीच काही गावं कुंपणाच्या पलीकडे राहतात. त्यांना फाटकातून ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळेत ये-जा करावी लागते.

आता महत्त्वाचं. कुंपण माणसाला अडवत नाही, उशीर करतं. तार कापायला किंवा ओलांडायला जो वेळ लागतो, त्या वेळात कोणाला तरी कळलं पाहिजे आणि कोणीतरी तिथे पोचलं पाहिजे. गस्त पोचणार नसेल तर ते कुंपण म्हणजे नुसतं भंगार. म्हणून इतकी उपकरणं असूनही तारेला रिकामे डबे नि बाटल्या टांगलेल्या दिसतात. धक्का लागला की वाजतात, बॅटरी संपत नाही, धुक्याने आंधळे होत नाहीत. औष्णिक कॅमेरा दाट धुक्यात आणि पावसात जवळजवळ निकामी होतो, आणि घुसणारा नेमकी तीच रात्र निवडतो.

दुसरं, बर्फ. उंचावरच्या भागात कुंपण हिवाळाभर बर्फाखाली असतं. वजनाने खांब वाकतात, हिमकडा सरकला की अख्खा तुकडा घेऊन जातो. दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा पुन्हा उभारावा लागतो. बर्फ वितळायला लागलं की खिंडी उघडतात आणि त्याच आठवड्यांत कुंपणही सगळ्यात फाटकं असतं. घुसखोरीचा हंगाम आणि दुरुस्तीचा हंगाम एकच. सामान खेचरांवर आणि पोर्टरांच्या पाठीवर चढतं, त्यामुळे "यंत्र लावून पटकन करा" हा सल्ला इथे बाद.

पीरपंजाल

वेटोळं, छान. वाचनखूण साठवली. पुढचं जोडतो.

कुंपण ही पहिली फळी. तिच्यामागे गस्त आणि नाके, त्यामागे जंगलात दबा धरून बसणाऱ्या तुकड्या, त्याहीमागे राष्ट्रीय रायफल्स (सैन्याचं दहशतवादविरोधी दल, १९९०पासून). मागच्या फळ्या लागतात, कारण पहिली कधीच शंभर टक्के बंद होत नाही. कुपवाड्याचं जंगल नकाशावर बोटभर दिसतं, पण तारेतून सुटलेला पाच-सहा जणांचा गट तिथे आठवडेच्या आठवडे काढू शकतो. नोव्हेंबर २०१५मध्ये हाजी नाका परिसरात अशाच एका गटाचा दिवसेंदिवस माग चालला होता. त्या मोहिमेत १७ तारखेला ४१ राष्ट्रीय रायफल्सचे (ही मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली बटालियन) कमांडिंग ऑफिसर कर्नल संतोष महाडिक धारातीर्थी पडले. साताऱ्याकडच्या वाचकांना नाव नवं नाही.

जाळं फाटतं कुठे? पहिली जागा म्हणजे युनिट बदलीचे दिवस. उरीच्या तळावरचा हल्ला, १८ सप्टेंबर २०१६: १० डोगरा ही बटालियन जात होती, ६ बिहार येत होती. तळावर नेहमीपेक्षा जास्त माणसं, काही तंबूत. त्या १९ मृत्यूंत बरेच तंबूंना लागलेल्या आगीत होरपळून झाले.

दुसरी जागा म्हणजे सैन्य हलवणं. २०२०मध्ये गलवाननंतर राष्ट्रीय रायफल्सची युनिफॉर्म फोर्स रियासी भागातून लडाखला गेली. चीनच्या आघाडीवर माणसं लागणारच होती, त्याबद्दल वाद नाही. पण मागे विरळ झालेली जागा रिकामी राहत नाही. ऑक्टोबर २०२१पासून राजौरी-पूंछमध्ये दबा धरून हल्ले सुरू झाले ते योगायोगाने नव्हे. पीरपंजाल डोंगररांगेच्या दक्षिणेला उंची कमी, बर्फ कमी, त्यामुळे वाटा हिवाळ्यातही चालू. वर खोऱ्यात जाळं घट्ट झालं की पाणी उताराकडे वळतं तसं हे वळलं.

मोजपट्टी

तुम्ही दोघंही डोंगरात आहात. खाली जम्मू-सांबा-कठुआत आंतरराष्ट्रीय सीमा आहे, सपाट, बीएसएफकडे. तिथला प्रश्न वेगळा: भुयार.

१९ नोव्हेंबर २०२०ला नगरोट्याजवळ बान टोलनाक्यावर ट्रकमध्ये लपलेले चौघे दहशतवादी मारले गेले. त्यांच्याजवळच्या उपकरणावरून उलटा माग काढत तीन दिवसांत सांब्यात भुयाराचं तोंड सापडलं. पुढे जानेवारी २०२१मध्ये हिरानगर भागात, मे २०२२मध्ये चक फकिरात. लांबी प्रत्येक वेळी दीडशे मीटरच्या आसपास.

जरा हिशेब करू. दोन फूट रुंद, तीन फूट उंच, दीडशे मीटर लांब म्हणजे ऐंशीएक घनमीटर. खणलेली माती फुगते, शंभर धरा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीनेक घनमीटर मावते, म्हणजे तीस-पस्तीस ट्रॉल्या माती. ही एका रात्रीत नाहीशी होत नाही. खणणं पलीकडून सुरू होतं, माती पलीकडेच निघते आणि आपल्या बाजूला फक्त शेवटचं भोक उघडतं, तेही सरकंड्याच्या उंच गवतात. म्हणून भुयार शोधायचे उपाय ऐकायला कंटाळवाणे: गवत काढा, पट्टा मोकळा ठेवा, आडवे खोल चर खणा, पावसानंतर जमीन खचलेली दिसते का ते चालत जाऊन बघा. जमिनीखालचं बघणारं रडार आहे, पण ओल्या चिकणमातीत त्याची नजर फार खोल जात नाही.

ड्रोनने गणित अजून बदललं. तार कापणं किंवा भुयार खणणं माणूस आत आणायला लागतं, शस्त्र आणायला नाही. २७ जून २०२१ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, तेव्हा ताबारेषेवरच्या साडेपाचशे किलोमीटर तारेचा काय उपयोग होता?

खडा_सवाल

हे सगळं बचावात्मक झालं राव. गळक्या छपराखाली बादल्या ठेवण्यासारखं. वरचं छप्पर कोण दुरुस्त करणार? २०१६ (सर्जिकल स्ट्राइक), २०१९ (बालाकोट), २०२५ (सिंदूर) या तिन्ही वेळी दाखवलं की पलीकडे जाऊन मारता येतं आणि जग कोसळत नाही. मला वाटतं हेच आधी करायला हवं होतं. ऑपरेशन पराक्रमची (संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य जमवलं ते) लाज आठवा.

तागडी

खडा_सवाल, पराक्रमबद्दल अर्धं पटतं. संसदेवरचा हल्ला १३ डिसेंबर २००१चा. मुख्य चढाईच्या कोअर सीमेवर पोचायला तीनेक आठवडे लागले, तोवर १२ जानेवारीचं मुशर्रफ यांचं भाषण होऊन गेलं होतं. नंतर दहा महिने सैन्य नुसतं उभं, सुरुंग पेरणं आणि पुन्हा काढणं यात आपलेच जवान गेले. धडा असा की ज्या हत्याराला तयार व्हायला तीन आठवडे लागतात ते असल्या कामाला निरुपयोगी. यातूनच छोट्या, जलद तुकड्यांचा विचार पुढे आला.

पण "मारलं, जग कोसळलं नाही" हा हिशेब अपुरा आहे. २०१६च्या रात्रीची कारवाई चालली, कारण लक्ष्य लहान होतं (लाँच पॅड, म्हणजे घुसण्याआधी गट थांबतात ती जागा), आणि सकाळी आपल्या डीजीएमओंनी (लष्करी कारवायांचे महासंचालक) पलीकडच्या डीजीएमओंना फोन करून झालं ते सांगितलं, कारवाई पुढे चालवण्याचा विचार नाही हेही सांगितलं. तो फोन कारवाईचाच भाग होता. समोरच्याला "काही झालंच नाही" म्हणायला जागा राहिली. २०१९ला लक्ष्य पाकिस्तानच्या मुख्य भूमीत गेलं, ती जागा संपली, दुसऱ्या दिवशी त्यांची विमानं आली. २०२५ला नऊ ठिकाणं, त्यात बहावलपूर आणि मुरिदके (जैश आणि लष्करची मुख्य ठाणी), आणि चार दिवसांत गोष्ट ड्रोन, क्षेपणास्त्रं, हवाई तळांपर्यंत पोचली. प्रत्येक वेळी सुरुवातच वरच्या पायरीवरून होते. चौथ्या वेळी कुठून सुरू करणार?

आणि मारल्याचा परिणाम टिकतो किती? लाँच पॅड म्हणजे काँक्रीटची छावणी नव्हे. घर, गोठा, वनखात्याची झोपडी, काहीही. उठवलं तर मागे सरकतं, काही महिन्यांनी परत येतं. मी विरोधात नाही, पण याने वेळ विकत मिळतो. तो वेळ कशाला वापरला हे विचारायला हवं.

कौलारू

तागडींना धरून एक अगदी जमिनीवरची गोष्ट. तुम्ही पलीकडे मारणार असाल तर उत्तरादाखल तोफगोळे पूंछवर पडणार हे आधीच माहीत असतं. मग आधी काय बांधायचं? बंकर.

जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी, पूंछ या पाच जिल्ह्यांत १४,४६० बंकर मंजूर झाले होते. घरगुती बंकर १६० चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. सामुदायिक ८०० चौरस फुटांचा, चाळीस जणांसाठी. म्हणजे माणशी वीस चौरस फूट, एक सतरंजी पसरण्याइतकी जागा. भर दिला गेला अगदी रेषेलगतच्या गावांवर. मे २०२५मध्ये गोळे पडले पूंछ शहरावर, जिथे बंकर जवळपास नव्हतेच, आणि सगळ्यात जास्त नागरिक तिथेच गेले.

बांधलेल्यांचंही ऐका. जमिनीखालची खोली, निचरा नीट नाही, पावसाळ्यात पाणी भरतं. वर्षानुवर्षं गोळीबार नाही, म्हणून लोक त्यात लाकूडफाटा आणि चारा ठेवतात. मग एका रात्री गरज पडते. बंकरच्या खर्चात पंप, वायुवीजन, दिवा आणि दरवर्षीची एक तपासणी धरलीच पाहिजे. ठेकेदाराला छत घालून बिल काढायची घाई असते, निचऱ्याचा पाइप कोणाच्या फोटोत येत नाही.

मोजपट्टी

कौलारू +१. त्याच जातीची दुसरी चूक: २७ फेब्रुवारी २०१९ला, पाकिस्तानी विमानं आली त्याच सकाळी, बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हेलिकॉप्टरवरची मित्र-शत्रू ओळख यंत्रणा बंद होती आणि जमिनीवरचा ताळमेळ तुटला होता. हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचं उघड मान्य केलं. हल्ला करायची तयारी आणि हल्ल्यानंतरच्या सकाळची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ईशान्यवारा

काश्मीरबाहेरची उदाहरणं सगळे विसरतात, आणि यश मिळालं ते तिथेच.

उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या आसाम-उत्तर बंगालमधल्या सशस्त्र गटांचे भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात तीस तळ होते. भूतानने आधी अनेक वर्षं बोलणी केली, रसद तोडली. १५ डिसेंबर २००३ला त्यांच्या छोट्याशा सैन्याने ऑपरेशन ऑल क्लिअर सुरू केलं. भारतीय सैन्य आत गेलं नाही, सीमा बंद करून बसलं, पळणाऱ्यांना पकडलं, जखमी भूतानी सैनिकांना उपचार दिले. काही आठवड्यांत सगळे तळ साफ, आणि परत उभे राहिले नाहीत, कारण मोडणारा जमिनीचा मालक होता.

बांगलादेशात २००९नंतर तेच, गोळी न झाडता. सरकार बदललं, अरविंद राजखोवा डिसेंबर २००९मध्ये भारताच्या हाती आले, अनुप चेतिया नोव्हेंबर २०१५मध्ये. आसरा गेल्यावर उल्फाचा मोठा गट बोलणीच्या टेबलावर बसला.

उलटं उदाहरण म्हणजे १९९५चं ऑपरेशन गोल्डन बर्ड. मिझोरम सीमेवर म्यानमारच्या सैन्याबरोबर संयुक्त मोहीम चालू, त्याच सुमारास दिल्लीने ऑंग सान सू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला, आणि म्यानमारने मोहिमेतून अंग काढून घेतलं. एका खात्याने दार उघडलं, दुसऱ्याने लावलं.

खडा_सवाल

पण पाकिस्तान म्हणजे भूतान नव्हे! तिथे मालकच सामील आहे.

ईशान्यवारा

बरोबर, म्हणून तर भूतानचा साचा तिथे बसत नाही. मालक सामील असेल तर त्याला महाग पडेल असं काय, हा प्रश्न. त्यावर कोणीतरी लिहा, माझा प्रांत नाही.

रोजमेळ

लिहितो. एफएटीएफ, म्हणजे दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्यावर देशांची तपासणी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था.

जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान तिच्या करड्या यादीत (जादा देखरेखीखालच्या देशांच्या) होता. दोन कृती-आराखडे मिळून ३४ मुद्दे. प्रत्येक बैठकीत तपासणी: कायदा केला का, खाती गोठवली का, शिक्षा झाली का. या काळात हाफिज सईदला फेब्रुवारी २०२०मध्ये लाहोरच्या न्यायालयात शिक्षा झाली. आणि साजिद मीर, २६/११चा एक सूत्रधार, जो मेला असं सांगितलं जात होतं, तो २०२२मध्ये अचानक जिवंत निघून तुरुंगात गेला! मेलेला माणूस यादीच्या भीतीने उठतो, याहून मोठी पावती नाही. मर्यादाही तिथेच दिसते: शिक्षा पैसे पुरवल्याबद्दलच्या, माणसं मारल्याबद्दलच्या नाहीत, आणि यादीतून बाहेर पडल्यावर पट्टा सैल.

हे दडपण चालतं पुराव्यावर. २६/११च्या पुराव्यात जीपीएस होतं, सॅटेलाइट फोन होता, इंटरनेट-कॉलची बिलं होती आणि रबरी होडीचं यामाहा इंजिन होतं. इंजिनाचा माग कराचीच्या दुकानापर्यंत गेला, आणि १२ फेब्रुवारी २००९ला पाकिस्तानच्या गृहखात्याच्या प्रमुखांना कटाचा काही भाग आपल्या देशात शिजल्याचं मान्य करावं लागलं. म्हणून घटनास्थळावर पंचनामा नीट होणं हे परराष्ट्र धोरण आहे, असं मी म्हणेन. वस्तू कोणी उचलली, कधी मोहोरबंद केली, कोणाच्या ताब्यात दिली, या साखळीतली एक कडी सुटली की परदेशी वकील तेवढंच धरून बसतो.

आपल्या बाजूची गळतीही सांगतो. ताबारेषेवरचा व्यापार ऑक्टोबर २००८मध्ये सलामाबाद आणि चकन-दा-बाग इथून सुरू झाला. हेतू चांगला. २१ वस्तू, शून्य शुल्क, वस्तूला वस्तू, बँक नाही. आता वस्तूविनिमयात किंमत ठरवणार कोण? कागदावर माल कमी किमतीचा दाखवायचा, इकडे पूर्ण भावाने विकायचा, फरक रोख हातात. "स्थानिक" म्हणून कॅलिफोर्नियाचे बदाम येत होते, ते काय मुझफ्फराबादच्या झाडाला लागतात? एनआयएने गुन्हा नोंदवला आणि एप्रिल २०१९मध्ये व्यापारच बंद झाला. माझ्या मते बंद करायच्या आधी ट्रक स्कॅनर, किमतीची प्रमाण यादी आणि बँकेमार्फत व्यवहार हे तिन्ही करून बघायला हवं होतं. प्रामाणिक व्यापारीही त्यात बुडाले.

दर्यावर्दी

२६/११ निघालंच आहे तर समुद्र. महाराष्ट्राला ७२० किमी किनारा, आणि ती दहा माणसं पोरबंदरची मासेमारी नौका पळवून त्यातून आली होती. फेब्रुवारी २००९मध्ये एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली, रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रं, नौकांना राज्यवार रंग, किनाऱ्यावर पोलीस ठाणी, 'सागर कवच' सराव.

भोक कुठे? वीस मीटरपेक्षा मोठ्या नौकेला ओळख सांगणारं यंत्र सक्तीचं, आणि आपल्या बहुसंख्य मासेमारी नौका वीस मीटरच्या आतल्या. रडारवर ठिपका दिसतो, पण कोणाचा ते कळत नाही. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके रायफली असलेली साधारण सोळा मीटरची बोट लागली. दहशतवादाचा संबंध नव्हता, मस्कतजवळ इंजिन बंद पडून सोडून दिलेली नौका वाहत आली होती. पण ती वाळूला लागेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता.

पोलिसांच्या गस्ती बोटींचं दुखणं जुनंच: बोट येते, खलाशी आणि मेकॅनिक येत नाहीत, डिझेलचा कोटा महिन्याच्या मध्यात संपतो. शेवटी खरा पहारा कोळीवाड्याचा. अनोळखी नौका, चुकीच्या वेळी चुकीच्या जागी, हे तांडेलाला (नौकेच्या कप्तानाला) रडारच्या आधी कळतं. त्यांच्यासाठी १०९३ (सागरी पोलीस) आणि १५५४ (तटरक्षक दल) हे क्रमांक आहेत. पण फोन केल्यावर त्याचीच बोट चौकशीला दोन दिवस अडकवली तर पुढच्या वेळी तो फोन करणार नाही. डिझेल, बर्फ, माणसांची रोजी, सगळं त्याच्या अंगावर.

पीरपंजाल

दर्यावर्दी, हीच गोष्ट डोंगरात गुज्जर-बकरवालांची. उन्हाळ्यात ते कळप घेऊन वर असतात, परका माणूस त्यांना आधी दिसतो. आणि आपण हेच नातं स्वतःच्या हाताने तोडतो. माछिल, ३० एप्रिल २०१०: तिघा गावकऱ्यांना नोकरीचं आमिष दाखवून रेषेवर नेलं, मारलं आणि घुसखोर म्हणून दाखवलं. त्या उन्हाळ्यात खोरं पेटण्याची ती एक मोठी ठिणगी होती. डिसेंबर २०२३: पूंछमध्ये सैन्यावर हल्ला, लगेच चौकशीसाठी नेलेल्या टोपा पीर गावच्या तिघांचा मृत्यू. सैन्याने चौकशी लावली, अधिकारी हटवले. पण त्या धारेवरून येणारी माहिती तिथेच थांबते, आणि ती तुम्हाला कुठल्या ड्रोनने परत मिळत नाही. मृतदेहांची संख्या हे यशाचं माप ठरवलं की असं होणार. पकडलेला जिवंत माणूस वाटा, घरं, फोन सगळं सांगतो.

आडवाट

एक उपप्रश्न: जे पलीकडे गेले आणि परत यायला तयार आहेत त्यांचं काय? त्यासाठी योजना होती ना?

रोजमेळ

होती, २०१०ची. १ जानेवारी १९८९ ते ३१ डिसेंबर २००९ या काळात गेलेल्यांसाठी. परत यायला चारच मान्य वाटा: वाघा-अटारी, सलामाबाद, चकन-दा-बाग आणि दिल्ली विमानतळ. फसली ती इथेच. या चारही वाटांवर पलीकडून बाहेर पडताना पाकिस्तानी यंत्रणेसमोर उभं राहावं लागतं, आणि ती सोडणार कशाला? म्हणून शेकडो लोक बायकामुलांसह नेपाळमार्गे आले. नेपाळ यादीत नाही, म्हणजे कागदोपत्री ते योजनेतले नाहीत. पुनर्वसन नाही, वर गुन्हा. बायका पलीकडच्या, त्यांना ना नागरिकत्व ना परतीचा पासपोर्ट. ही बातमी फोनवरून पलीकडे पोचायला किती दिवस लागले असतील?

वेटोळं

एक राहिलं. तागडींनी वेळ विकत मिळण्याबद्दल लिहिलं. २०२०मध्ये शस्त्रसंधीभंगाच्या ५,१३३ घटना सरकारी हिशेबात आहेत. २५ फेब्रुवारी २०२१ला दोन्ही डीजीएमओंचं संयुक्त निवेदन आलं आणि तोफा जवळजवळ बंद झाल्या. गोळीबाराच्या आडून गट आत सोडायची जुनी पद्धत त्याने बसली आणि कुंपणाचं काम दिवसाउजेडी करता आलं. मधल्या चार वर्षांत राजौरी-पूंछच्या कुंपणामागची दुसरी फळी कितपत भरली, हे विचारायला हवं; पूंछ शहरात किती बंकर झाले, याचं उत्तर मात्र कौलारूंच्या प्रतिसादात येऊन गेलंय.

कौलारू

आता शहरातही बंकर बांधायची मागणी आहे. निविदेत निचरा आहे का, ते बघा.